चौकोन मध्येच सोडू नये

मंगळवार, १ ऑक्टोबर १९७४

हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि जानेवारीत शेगडी पेटवायला जातात. यंदा म्हटलं, त्यांत काही लिहावं. देवाने दिलेलं वाया घालवू नये, कागदसुद्धा.

आज ग्रेंजच्या, म्हणजे शेतकरी मंडळाच्या, हॉलमध्ये चौकोनी नाचाचा पहिला वर्ग झाला. आमचं नाव पाद्रीसाहेबांच्या बाईंनी घातलं. उन्हाळ्यात मी त्यांच्यापाशी रडले होते. एकतीस वर्षांचा संसार, पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात बोलणं म्हणून उरलेलं नाही. मी बोलते, हार्लन बशीकडे बघतो. मुलगी लग्न होऊन ओरेगॉनला गेली तेव्हापासून तर भिंतींशी बोलावं तसं झालं आहे. बाई म्हणाल्या, "व्हेल्मा, हातात हात दिल्याशिवाय तो नाच होतच नाही. ने त्याला." माझी आई नाचाला पाप मानायची. पण ह्यात नवरा-बायकोच असतात, मध्ये कॉफी असते, आणि दारू हॉलच्या दाराबाहेर. मी प्रार्थना करून ठरवलं.

हार्लनला विचारलं तर म्हणाला, "बरं." एवढंच. काय विचारलं ते त्याने ऐकलं होतं की नाही, देव जाणे.

शिकवणारे केसलर चाळीस मैलांवरून येतात. पुढचं पाऊल कोणतं त्याचे पुकारे तेच देतात: मंचावर उभं राहून, हातात माईक, मागे तबकडी वाजत असते. चार जोड्या चार बाजूंनी उभ्या राहतात, बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. आपली उभी राहायची जागा म्हणजे आपलं घर. पुकारा येईल तसं घर सोडायचं, फिरायचं आणि शेवटी घरी यायचं.

"दोन नियम," केसलर म्हणाले. "पुकारा कानात पडला की पाय हलवायचा. आधी नाही, नंतर नाही. आणि एकदा चौकोनात उभं राहिलात की फेरी संपेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. एक गेला की सात जण उघडे पडतात."

"आणि लघवीला लागली तर?" एमिल रुझिच्का म्हणाला. सत्तरीचा आहे, पण जीभ विशीतली.

"तर तालावर जा, एमिल, आणि तालावर ये."

त्याची बायको ओपल सगळ्यांत मोठ्याने हसली. मी हसले नाही. नियम चांगले आहेत. घरातही असे असते तर.

आम्ही बरोबर आठ जण आहोत: आम्ही, रुझिच्का नवरा-बायको, शाळेतल्या बाई नि त्यांचा नवरा, आणि एक तरुण जोडी. एक जोडी गळली तर सहा जणांसाठी केसलर चाळीस मैल येणार नाहीत. मार्चपर्यंत टिकलो तर वर्ग पुरा. देवा, टिकव.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज लाज वाटली. "चौकोन करा" म्हणताच हार्लन धावत सुटला आणि मंचाकडे तोंड होईल ती जागा धरली. ओपल तिथे उभी राहत होती, तिला जवळजवळ ढकललंच. मेजवानीत मानाच्या जागी आपण होऊन बसू नये ही शिकवण मी लहानपणापासून ऐकत आले. कॉफीच्या वेळी मी ओपलची माफी मागितली.

"अगं, घे ना," ती म्हणाली. "मला काय, सगळ्या भिंती सारख्याच. इकडे उभं राहिलं की केसलरच्या नाकपुड्या दिसतात, एवढाच फरक."

आज शिकलेलं लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. पुरुषाच्या डाव्या हाताला जी दुसऱ्याची बायको उभी असते ती त्याची शेजारीण. "डावा हात शेजारणीला" म्हटलं की तिचा हात कोपराखाली धरून एक वळण घ्यायचं आणि परत आपल्या माणसाकडे तोंड करायचं. धरायचं, पण ओढायचं नाही. चुकलेल्याला ढकलून जागेवर न्यायचं नाही. चुकलो तर आपल्या घरी जाऊन गप्प उभं राहायचं आणि पुढच्या पुकाऱ्याची वाट बघायची. चौकोनात उभ्या माणसाने पुकारा द्यायचा नाही. तो एकाच्याच तोंडून यायचा.

रविवार, १३ ऑक्टोबर

देवाची कृपा. आज हार्लन चर्चमध्ये आपण होऊन पहिल्या बाकावर जाऊन बसला. इतकी वर्षं दाराजवळ बसणारा माणूस! प्रवचन कान असून न ऐकणाऱ्यांवर होतं. मी त्याला कोपर मारलं. तो पाद्रीसाहेबांच्या तोंडाकडे असा एकटक बघत होता की माझे डोळे भरून आले. भजनात मात्र दुसरं कडवं सोडून तिसरं म्हणत होता. लक्ष कुठे असतं कोण जाणे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

आज मोठी साखळी शिकलो. शेजारणीला डावा हात देऊन झाला की आपल्या माणसाला उजवा हात द्यायचा, आणि तो सोडून पुढे जायचं. तो एका दिशेने, मी उलट दिशेने. पुढच्याला डावा, त्याच्या पुढच्याला उजवा, मग डावा, असे परके तळहात एकेक करत जायचे, आणि घरापासून अर्ध्या वाटेवर, चौकोनाच्या पलीकडच्या बाजूला, आपला माणूस बरोबर समोर येतो. तिथे पुकारा लागतच नाही. सगळ्यांनी नियम पाळला तर येतोच. मग "जोडीनं घरी", आणि हात धरून उरलेलं अर्धं वर्तुळ चालत जायचं.

हार्लन समोरून येताना दिसला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. कितीतरी दिवसांनी.

आमच्यात तोच सगळ्यांत चांगला नाचतो, हे कबूल करायला हवं. केसलर म्हणाले, "हार्लन, माझ्या तोंडातून पुकारा बाहेर पडायच्या आधी तू तो उचलतोस." खरंच त्याची नजर केसलरवरून हलत नाही. माझ्याकडे बघत नाही तो. मी मुद्दाम नवा झगा घातला होता, आणि त्याच कापडाचा त्याला शर्ट शिवला होता. वरच्या खोलीचे जुने पडदे होते, कोणाला कळलं नाही.

परत येताना गाडीत अंधार होता. मी म्हटलं, "हार्लन, आज मला फार बरं वाटलं." तो गाडी चालवत राहिला. मी पुन्हा म्हटलं नाही. मागून घेतलेलं उत्तर काय कामाचं?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

वर्ग चांगला झाला. घर चांगलं नाही.

दुपारी मी कोंबड्यांकडे होते. फोन वाजून वाजून बंद पडला, पाण्याची किटली शिट्टी घालून घालून कोरडी होऊन तळ काळा झाला, आणि हा माणूस चार पावलांवर बसून सुरीला धार लावत होता. अठ्ठावीस वर्षं धान्याच्या कोठारात वाळवणीच्या पंख्यांशेजारी उभं राहून त्याला माणसांचा कंटाळा आला असावा. मी त्याच्या पाठीला म्हटलं, "तुझ्याशी लग्न करण्यापेक्षा मी आईपाशी म्हातारी झाले असते तर बरं झालं असतं." त्याने सुरीची धार अंगठ्यावर बघितली आणि दुसरी सुरी घेतली.

एवढं बोलूनही मान वळत नाही. चौकोनात मात्र कोणाच्याही बायकोला हात द्यायला पुढे.

देवा, मला क्षमा कर. पण मी ते रागाच्या भरात नाही, विचार करून बोलले.

बुधवार, ४ डिसेंबर

काल लिहिता आलं नाही. ओपल काउंटीच्या दवाखान्यात आहे. खुब्याचं हाड मोडलं.

झालं तसं लिहिते. केसलरना सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी वायोमिंगकडचे एक पुकारणारे पाठवले. डाउड नावाचे. छातीवर रुळणारी दाढी, मिशा ओठ झाकणाऱ्या, आणि माईक असा तोंडाला लावलेला की मक्याचं कणीस खातात जणू. आम्ही चौकोनात उभे राहिलो. हार्लन नेहमीच्या जागी. दोनच पुकारे झाले असतील, तो माझ्याकडे वळला. चेहरा पांढरा पडला होता.

"व्हेल्मा, घरी जाऊ."

"आत्ता?"

"मला बरं नाही. चल."

त्याने पाऊल बाहेर काढलं. सात जण बघत होते. मी त्याच्या समोर उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "फेरी संपेपर्यंत चौकोन सोडायचा नाही."

तो थांबला. जागेवर गेला. मला त्या क्षणी समाधान वाटलं, हेही लिहायला हवं.

मग शेजारणीला डावा हात, आणि मोठी साखळी. केसलरची साखळी नेहमी पुरी होते. डाउडनी मध्येच पुकारलं, "वळा मागे!" आम्ही हसत मागे वळलो, सगळे. हार्लन वळला नाही. ओपल त्याच्या पुढे होती आणि वळल्यामुळे आता पाठमोरी. त्याने नेहमीच्या सवयीने तिचा हात पकडला आणि आपल्या दिशेने ओढला. ती उलटी फिरली आणि पडली. आवाज मी ऐकला. वाळलेली फांदी मोडावी तसा.

तबकडी वाजतच होती. हार्लन हात तसाच पुढे करून उभा.

"आंधळा आहेस का रे?" एमिल ओरडला. कधी नव्हे तो ओरडला. हार्लनने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाही."

त्यापेक्षा वाईट उत्तर कोणी दिलं असतं असं मला वाटत नाही.

रविवार, ८ डिसेंबर

हार्लन चर्चला आला नाही. पडताना ओपलच्या पायातून निसटलेला पांढरा बूट आमच्या गाडीत राहिला होता. तो मांडीवर घेऊन सकाळपासून बसला आहे. तुटलेला पट्टा शिवला, टाचेवरचा ओरखडा पांढऱ्या रंगाने भरला, आता फडक्याने पुसतो आहे. मी म्हटलं, "बूट पुसून हाड जुळत नाही. जा, तिला भेट, माफी माग." माझ्याकडे पाठ होती. त्याने फडकं उलटं करून घेतलं.

मी एकटीच गेले. ओपलला गुंगी होती. एमिल पलंगाशेजारी बसून तिचे हातमोजे घडी करत होता, उलगडत होता, परत घडी करत होता.

मंगळवार, १७ डिसेंबर

आज ओपल शुद्धीवर होती. पाय दोरीला टांगलेला, केस विंचरलेले.

"आली बघा नाचरी," ती म्हणाली. "बस. ते गोड कोलाचे पाव आणले नाहीस ना? बरं केलंस. तुझ्या कणकेला माया नसते."

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, "ओपल, मी त्याच्या वतीने माफी मागायला आले. तो हट्टी आहे, मनाने कोरडा झाला आहे. पुकारा ऐकायचा नाही, आपल्याला हवं तिकडे जायचं. घरीही असंच. तुम्ही त्याला क्षमा केली नाहीत तरी मी समजेन."

तिने उशी पाठीशी सरकवली. मग म्हणाली, "व्हेल्मा, तो कधीपासून बहिरा आहे?"

"कोण?"

"टिमरमन, दुसरा कोण! तुझा नवरा."

"तो बहिरा नाही. तो सगळ्यांत चांगला नाचतो."

"माझे वडील लोहार होते," ती म्हणाली. "पन्नाशीत त्यांचे कान गेले. जेवायला बसताना खिडकीला पाठ करून बसायचे, म्हणजे आमच्या तोंडांवर उजेड पडावा. मला वाटायचं, उन्हाचा त्रास होतो त्यांना. पहिल्या आठवड्यात तुझ्या नवऱ्याने मला ढकलून ती जागा घेतली ना, तेव्हाच मी म्हटलं, अरे, हे तर आपल्या बाबांसारखं. केसलरला दाढी नाही. त्या दुसऱ्याच्या तोंडावर तर झाडू उगवला होता. कसा वाचणार बिचारा?"

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. बायको आहेस ना त्याची."

कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १८ डिसेंबर

सकाळी हार्लन खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होता. मी त्याच्या मागे चार हातांवर उभी राहिले.

"हार्लन."

मग मोठ्याने, "हार्लन!"

मग म्हटलं, "हार्लन, घराला आग लागली आहे."

त्याने पान उलटलं.

मग एकतीस वर्षांत मी तोंडाने कधी म्हटली नव्हती अशी एक गोष्ट त्याच्या पाठीला म्हटली. ती इथे लिहीत नाही. त्याने बाजारभावाचं पान काढलं आणि मक्याचा भाव बोटाने शोधू लागला.

मी पुढे जाऊन त्याच्या समोर बसले, उजेडात. "किती दिवस?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. तो ओठांकडेच बघतो. मला वाटायचं, नजर चुकवतो.

"उजवा तीन वर्षं," तो म्हणाला. "डावा दोन. सुरुवातीला वाटलं, मळ असेल."

"डॉक्टर?"

"गेलो होतो. शीर मेली म्हणाला. कानात यंत्र घातलं तर नुसता गोंगाट मोठा होईल, बोलणं नाही कळणार."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कोठारात फोन केला असतास."

"केलाच असता! तिथे घंटा वाजल्यावर पट्टा सुरू होतो. तुझा हात गेला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं." मग म्हणाला, "आणि खरं सांगू? निम्मा वेळ तू मला रागावतच असणार. तेवढं चुकलं तर काय मोठं नुकसान?"

मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. तो वर्तमानपत्रावर बोट ठेवून बसला होता. म्हणाला, "चौकोनात बरं वाटायचं. तुझा हात कधी येणार, कुठून येणार, ठरलेलं असायचं. घरात तसं नाही. घरात तू कुठूनही बोलतेस."

"आणि पहिला बाक?"

"दाराजवळून पाद्रीसाहेबांचं तोंड दिसत नाही."

मी गावभर सांगितलं होतं, हार्लनला देव सापडला.

उठताना तो म्हणाला, "त्या दिवशी त्या दाढीवाल्याचं एक अक्षर कळलं नाही मला. पण तू समोर येऊन म्हणालीस ना, चौकोन सोडायचा नाही, ते मात्र स्पष्ट वाचलं."

बारा नोव्हेंबरला मी त्याच्या पाठीला जे बोलले ते त्याने ऐकलं नाही. ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत असं आधी वाटलं. पण मी तर ऐकलं होतं.

मंगळवार, ७ जानेवारी १९७५

हार्लनने काल स्वतः जाऊन कोठारात सांगितलं. "एकीला पाडलं. दुसऱ्याला पाडायची वाट कशाला बघू?" म्हणाला. त्याला वरच्या पट्ट्यावरून काढून वजनकाट्याच्या खोलीत बसवलं आहे, अर्धा दिवस, चिठ्ठ्या लिहायला. गाड्या घेऊन येणारे लोक काचेवर टकटक करतात आणि मग आठवण होऊन हात हलवतात. अठ्ठावीस वर्षं कोठारात काढलेला मुकादम तो.

संध्याकाळी केसलर घरी आले. वर्ग बंद केला. रुझिच्का नाहीत, आम्ही नाही, चौघांत काय होणार?

"चूक माझी," ते हार्लनकडे नीट तोंड करून म्हणाले. "तू माझ्या तोंडाकडे बघतोस हे मला दिसत होतं. मला वाटलं, शिकवणं आवडतं ह्याला." आणि मग, "पुढच्या शरदात परत ये. मी दाढी ठेवणार नाही."

"माणसांच्या चौकोनात मी पुन्हा उभा राहणार नाही," हार्लन म्हणाला.

कॉफी पिताना केसलर बोलता बोलता म्हणाले की माणसं कमी पडली तर जुने नाचणारे रिकाम्या जागा धरून नाचतात. नसलेल्या माणसाला हात द्यायचा, त्याच्याभोवती वळण घ्यायचं, त्याला लागेल तेवढा वेळ द्यायचा. त्याच्या जागेवरून सरळ चालत जायचं नाही. मी विचारलं, हा नियम आहे का? म्हणाले, "नियम नाही. पण जागा बुजवली की साखळी जुळत नाही."

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज ओपलला लिंकन शहरात तिच्या मुलीकडे नेलं. हाड नीट बसलेलं नाही, आणि आता छातीत कफ भरतो. एमिल बरोबर गेला. निघायच्या आधी हार्लन बूट घेऊन दवाखान्यात आला, प्रथमच. टोपी हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. मी खिडकीचा पडदा सरकवला, म्हणजे तिच्या तोंडावर उजेड यावा. तेवढं मी शिकले आहे.

"मिसेस रुझिच्का," तो म्हणाला आणि बूट पुढे केला.

तिने बूट फिरवून बघितला. "पट्टा मोच्यापेक्षा चांगला शिवलास. आता एकच बूट घेऊन मी काय करू? दुसरा बोचक्यात कुठे गेला, देवाला माहीत." तिला खोकला आला, बराच वेळ. मग तिने बूट त्याच्या हातात परत दिला. "तुझ्याकडे राहू दे. न्यायला येईन. आणि हे बघ टिमरमन, मी वळले तेव्हा मागे बघितलं नाही. मागे बघायचं असतं. अर्धी चूक माझी."

नियम असा नाही. चूक तिची मुळीच नव्हती. तो ते सगळं तिच्या ओठांवरून वाचत होता आणि मान हलवत होता, नाही, नाही.

एमिल गाडीपाशी मला म्हणाला, "पत्र लिहीन. लिंकनहून फोनला फार पैसे पडतात. फोन आला तर समज."

मंगळवार, १८ मार्च

आज वर्ग पुरा झाला असता.

दुपारचे चार वाजले होते. हार्लन काट्यावरून येऊन जेवला होता. मी भांडी घासून वळले तर त्याने जेवणाचं टेबल भिंतीला लावलेलं. वर जाऊन पडद्याच्या कापडाचा शर्ट घालून आलेला.

"ये," तो म्हणाला.

"वेडा झालास? दोघांचा चौकोन होतो का?"

"केसलरने काय सांगितलं?"

त्याने जागा मांडायला घेतल्या. चार खुर्च्या. पिठाचा मोठा डबा. सहाव्या जागी स्टूल, आणि त्यावर पांढरा बूट. स्टूल त्याने आपल्या डाव्या हाताला ठेवलं, शेजारणीच्या जागी.

"आणि पुकारणार कोण? चौकोनात उभं राहून पुकारा द्यायचा नसतो. नियम आहे."

"केसलर चाळीस मैलांवर आहे. तू दे. तुझं तोंड मला पाठ आहे."

मी त्याच्याकडे वळून, ओठ नीट हलवून पुकारलं. जोडीदाराला वाका. तो वाकला. शेजारणीला वाका. तो स्टुलाकडे वळून वाकला, टोपी काढल्यासारखा हात करून. डावा हात शेजारणीला. स्टुलाभोवती त्याने वळण घेतलं, हवेत हात धरून, हलका. ओढला नाही. मग माझ्याकडे तोंड केलं. मी म्हटलं, "मोठी साखळी," आणि उजवा हात दिला.

तेवढ्यात फोन वाजायला लागला.

फोन दाराजवळच्या भिंतीवर आहे. मी तो ऐकला. हार्लनने माझा हात सोडला आणि तो त्याच्या वाटेने गेला, मी माझ्या. आता माझं तोंड त्याला दिसत नव्हतं, आणि मी काही बोललेही नाही. मुलगी रविवारी फोन करते. शेजारी दारात येऊन हाक मारतात. मंगळवारी दुपारी चारला आम्हाला कोणी फोन करत नाही. मी खुर्चीला डावा हात दिला, पिठाच्या डब्याला उजवा, दुसऱ्या खुर्चीला डावा. पलीकडे नजर गेली तर हार्लन स्टुलापाशी हात पुढे करून थांबला होता, तालापेक्षा जास्त वेळ. मग तो पुढे निघाला आणि परसदारापाशी, जिथे यायला हवा बरोबर तिथे, माझ्या समोर आला. हसत होता.

माझ्या मनात आलं, फोन घ्यावा. पाच पावलं तर होती. तो कानाला लावला असता तर हार्लन इथेच हात पुढे करून उभा राहिला असता, त्या दिवशीसारखा. "जोडीनं घरी," मी म्हटलं. त्याने वाचलं. हात धरून आम्ही अर्धं वर्तुळ चाललो, शेगडीवरून, खिडकीवरून, बुटावरून. मी घंटा मोजत होते. मोजायची सवय आहे मला. घरी पोचेपर्यंत चौदा झाल्या. आम्ही एकमेकांना वाकलो.

मग मी फोन घेतला.

एमिल फार थोडं बोलला. मीही. फोन ठेवल्यावर मी लगेच वळले नाही. जोवर माझी पाठ त्याच्याकडे होती तोवर त्याच्यासाठी काही झालेलं नव्हतं. मागे तो खुर्च्या जागेवर लावत होता आणि शीळ घालत होता, कुठल्याच सुरात नसलेली. मी तिथे उभी राहून ती थोडा वेळ ऐकली. मग त्याच्यासमोर जाऊन उजेडाकडे तोंड केलं, आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.